दाजींच्या घड्याळाचं कडं

तीर्थस्वरूप सेवास्तीताईस टार्पन स्प्रिंग्जहून याकोवोसचा सादर नमस्कार.

तुझे गुडघे आणि शेजारणीचा कोंबडा, दोघंही सध्या तुला झोपू देत असतील अशी आशा. माझं बरं चाललंय. दात गेले, कविता शाबूत आहेत. (फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस.)

थेमेलिसदाजी समुद्रातून स्पंज काढायला जाताना जे घड्याळ बांधायचे, ते तू आपल्या काळिम्नोस बेटावरून धाडलंस, 'माझ्या साव्वासच्या लग्नात त्याच्या हातावर नव्यासारखं चकाकलं पाहिजे' असं बजावून. ताई, घड्याळ चालू झालं. चकाकत मात्र नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

आधी मी ते टँपातल्या एका मोठ्या दुकानात नेलं. तिथला विक्रेता म्हणाला, "आजोबा, तबकडी बदलू, काटे बदलू, वरून घासून आरसा करू." मी विचारलं, "मग दाजींचं काय उरेल?" तो म्हणाला, "वेळ!" हे उत्तर मला इतकं काव्यमय वाटलं की दोन मिनिटं मी विरघळलोच, मग भानावर आलो, घड्याळ उचललं आणि निघालो. (टोपी तिथेच राहिली. ती नवी होती, म्हणून दुःख नाही.)

मग आमच्या धक्क्यावरच्या ओदालिसकडे गेलो. क्युबाची बाई, हात सोन्याचे, जीभ तिखट. तिने यंत्र धुतलं, तेल दिलं, रबरी वायसर नवे घातले, आणि बाकी कशाला हात लावला नाही. तबकडी कॉफीच्या रंगाची झालीय, काट्यांवरचं रेडियम लोण्यासारखं पिवळं पडलंय, ते तसंच आहे. "ओरखडे काढायचे तर आत्ता सांगा," ती म्हणाली, "नंतर परत घालता येत नाहीत." मी एकेका ओरखड्याचा इतिहास सांगू लागलो: हा नांगराच्या साखळीचा, हा माझ्या लग्नातल्या मारामारीचा. ती म्हणाली, "काका, मी घड्याळ उघडायला बसलेय, तुम्ही दाजी उघडताय."

आणि ते बाहेरचं फिरतं कडं! त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि मगच पाण्यात उतरायचं, ही दाजींची शिस्त. म्हणजे कडं जिथे थांबलं, ती त्यांच्या शेवटच्या बुडीची वेळ. मी ओदालिसला शपथ घातली: ते केसभरही हलता कामा नये. तिने जागेची खूण करून ते काढलं, खालचं मीठ साफ केलं आणि अगदी जागच्या जागी बसवलं. ताई, सगळं जुनं जुन्यासारखं राखणं हीच खरी दुरुस्ती. साव्वासच्या हातावर त्याच्या बाबांचं घड्याळ हवं, दुकानातलं नको. (पाण्यात मात्र घालायचं नाही. लग्नात मित्रांनी बंदरात ढकललं तर आधी हात वर, असं त्याला सांग.)

तुझा धाकटा,
याकोवोस

ता. क. : वर मी कड्याचा आकडा लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. परवा घड्याळ घेऊन धक्क्यावर बसलो. समोर समुद्र, आणि तोंडात आली मास्तरांनी पाठ करून घेतलेली ती समुद्राची लांबलचक कविता. मास्तर बाकावर बोट फिरवून ताल धरायला लावायचे, आठवतं ना? तसा मी धरला. चौदाव्या कडव्याला कळलं की बोटाखाली बाक नाही. त्रिकोण आता सातावर आहे. आधी कुठे होता ते मला आठवत नाही. (ओदालिसला विचारायचा धीर नाही.) तुझ्या डोळ्यांसमोर ते वर्षानुवर्षं होतं. आकडा उलट टपाली कळव, तोवर घड्याळ पाठवत नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच साव्वासचा फोन. कड्याचं सांगितलं तर पोटभर हसला. म्हणाला, "मामा, कसली बाबांची बुडी! बाबा गेल्यापासून आई ते शेगडीशेजारी खिळ्याला टांगायची. बंद पडेपर्यंत कडं तीच फिरवायची, ऑक्टोपस किती वेळ शिजला ते बघायला."

तसं असेल तर ताई, ऑक्टोपसचा आकडा कळव. तोच लावतो.