फलकाची दुसरी काठी

शनिवार, मार्च १९८०

आज अत्याचाराविरुद्ध कॉलेजचा मोर्चा निघाला. शोभाचं नाव आम्ही मुद्दाम घेतलं नाही. तिच्यावर गुदरलेल्या त्या प्रकारानंतर तिच्या वडिलांनी तिला मामाकडे धाडलंय. मोर्चात कापडी फलक नेहमी शोभा आणि मी, आम्ही दोघी धरायचो. आज दुसरी काठी मी कुणाला देईना, त्यामुळे फलक गुंडाळलेलाच. वेडीच मी! ती थोडीच येणार होती?

पहिली शिफ्ट सुटली तसे तिचे वडील कंपनीच्या कपड्यांतच आले, ती काठी धरून चालू लागले. सभेत एवढंच बोलले, "पोर माझी हाय. चूक तिची न्हाई."

मी रागानेच म्हटलं, "काका, हे तिला सांगा ना!"

"मला लिवता येत न्हाई. तू लिव."

लिहायला बसलेय. काय लिहू? शोभे, तुझी काठी ठेवलीय. ये.