भीमपलासातला आमच्या घरचा श्वास

८ सप्टेंबर, सोमवार
कालच्या नोंदीत एक चूक आहे, आधी ती दुरुस्त करते. लिहिलं होतं, "शालूआत्या गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. अंत्यविधीला गेले होते, खूप माणसं होती." मी गेले नव्हते.
आज गवार मोडताना आईला सहज विचारलं. म्हणाली, "तू कशी असशील? मीच नव्हते." मग कोण होतं? "तुझे बाबा. दुपारी एकटेच घरी आले, आंघोळ केली, म्हणाले झालं सगळं." तू विचारलं नाहीस काही? "मी भात लावला."
मग ती माणसं, ते पांढरं कापड, हे मला कुठून आठवतं? बहुधा आजोबांच्या वेळचं. पंधरा वर्षं मी एकाचं मरण दुसऱ्याच्या नावावर लावून ठेवलंय. लोकांची प्रुफं तपासून पोट भरते आणि स्वतःची ही चूक दिसली नाही.
बाकी नोंद बरोबर आहे. काल दुपारी काम करताना इंटरनेट रेडिओ लावला होता. फक्त शास्त्रीय गायन, निवेदन नाही, जाहिराती नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी भीमपलास सुरू झाला. बाईचा आवाज, फक्त तंबोरा, तबला नाही. पहिल्या ओळीत "नगरिया" शब्द आला आणि तो मधेच तुटला. "नग", मग श्वास, मग "रिया".
मी पेन्सिल खाली ठेवली.

९ सप्टें., मंगळ
तीन दहाला पुन्हा तेच.
नीट लिहून ठेवते. बंदिश जुनी, सगळ्यांची. श्वास मात्र आमचा. आजोबांना दमा होता. एवढा शब्द त्यांना एका दमात पेलायचा नाही म्हणून ते मधे थांबायचे. आत्या त्यांच्यापुढे बसून शिकली, तिने थांबणंही उचललं. मी आत्याकडून उचललं. कॉलेजात पहिल्यांदा ही बंदिश म्हटली तेव्हा बाई म्हणाल्या, "शब्दाचा असा गळा का दाबतेस?" तोवर मला ती जागा वाटायची. खास आमच्या घरची, सुंदर जागा.
आजोबांनी बाहेरच्या कोणाला शिकवलं नाही. गाणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम, त्यांच्यामागे बाबांचा. बाबा स्वतः गात नाहीत. म्हणजे हा श्वास तिघांचा. आजोबा, आत्या, मी. आजोबांचा आवाज पुरुषाचा. मी इथे खुर्चीत बसलेली.

१० सप्टें., बुध
हेडफोन लावून ऐकलं. ते गाणं नाही, तालीम आहे. ती एक ओळ गाते, मग तेवढीच जागा मोकळी सोडते. नुसता तंबोरा. मग पुढची ओळ. मोकळी जागा मोजली. सोळा मात्रा, बरोबर एक आवर्तन. शिकणारीने मागून म्हणायचं, म्हणून.
माझी शाळा सकाळची असायची. तीन वाजता तालीम. बाबा ऑफिसात.
आणखी एक. आपल्या देवळाली कॅम्पात दुपारी सरावाच्या तोफा वाजतात, खिडकीची काच थरथरते. इतकी सवय की ऐकूही येत नाहीत. पण या घरात काही रेकॉर्ड केलं तर त्या येतातच, लहानपणी कॅसेटवर यायच्या. रेडिओवरच्या गाण्यामागे तोफा नाहीत. आगगाडी आहे. लांबून येते, जवळून जाते, आणि ती जाईपर्यंत बाई सा धरून थांबते.
म्हणजे हे आमच्या घरातलं नाही. आत्या तर घराबाहेर कधी गायली नाही. असं मला सांगितलंय.
रेडिओच्या पानावर ईमेलचा पत्ता होता, त्यावर पत्र पाठवलं. नाव विचारलं, एवढंच.

११ सप्टें., गुरु
उत्तर आलं. रेडिओ चालवणारे कोणी निवृत्त गृहस्थ आहेत, सोलापूरकडचे, घरूनच चालवतात. लिहितात: "ताई, पेनड्राइव्ह पोस्टाने आला, यंदा श्रावणात. शिक्का नांदगावचा. नाव घालू नये अशी चिठ्ठी होती. पितृपंधरवड्यात रोज दुपारी तीननंतर लावावं, एरवी लावू नये, असंही लिहिलं होतं. अट चमत्कारिक वाटली, पण गाणं चांगलं आहे, म्हणून लावतो."
पाकीट जपून ठेवलंय का, विचारलं. "नाही हो. अक्षर बाईचं वाटलं. टपोरं."
आत्याचं अक्षर टपोरं होतं. पण टपोरं अक्षर पुष्कळ बायकांचं असतं. हेही लिहिलं पाहिजे.
नांदगाव हे नाव मला कुठून माहीत आहे ते आज लिहीत नाही.

१२ सप्टें., शुक्र
आज बाबांनी ऐकलं. मी मुद्दाम ऐकवलं, खोटं का लिहू? हेडफोन काढला, आवाज मोठा केला. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.
पहिल्या ओळीला पेपर खाली आला. दुसऱ्या ओळीला उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर मात्रा मोजायला लागला. बाबांचा हात. ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही असं आपण म्हणतो त्यांचा. "नग"वर ती थांबली, तेव्हा त्यांची छातीही थांबली. मी बघत होते.
"कुठलं हे?"
"इंटरनेटवरचा रेडिओ."
"बंद कर. पक्ष चालू आहे, गाणी कसली ऐकता."
केलं बंद. ते पेपर उलटा धरून बराच वेळ वाचत होते. आई आतून म्हणाली, "चहा ठेवू का, की तोही पक्षात चालत नाही?"

१३ सप्टें., शनि
उद्या आजोबांची तिथी. वड्यांचं पीठ, खिरीचे तांदूळ. आज तीनला ऐकलं नाही. तीन दहाला हातातलं पातेलं आपोआप खाली ठेवलं गेलं, आवर्तनभर. मग उचललं.

१४ सप्टें., रवि
क्रमाने लिहिते.
श्राद्ध घरीच. नेहमीचे गुरुजी. मी तीळ आणि पाणी हातात देत होते म्हणून शेजारीच होते, एरवी स्वयंपाकघरात असते. गुरुजी एकेक नातं म्हणतात, बाबा नाव सांगतात. वडील, आई, आजोबा, पणजोबा, काका. मग गुरुजी म्हणाले, "बहीण."
बाबा बोटातला दर्भ नीट करू लागले.
"यजमान, बहीण?"
"पुढे घ्या."
"गेल्या वर्षीही तुम्ही..."
"पुढे घ्या म्हटलं ना."
गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी ताम्हणाकडे. पुढचं नातं आलं. मावशी. तिचं नाव बाबांनी स्पष्ट घेतलं.
जेवून गुरुजी निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. कढी झकास होती म्हणाले. मी विचारलं, बहिणीचं नाव गाळलं तर दोष लागतो का?
"गाळायचं कशाला? गेलेली असेल तर घ्यावं लागतं. हयात असेल, तर घेता येत नाही." मग स्कूटर सुरू करता करता, "वडलांना विचार हो. मला नको."
घरात येऊन फोटो पाहिले. आजोबांच्या फोटोला हार, नवा, आजचा. शेजारी आत्याचा फोटो. हार नाही. पंधरा वर्षं रोज त्याच्यासमोर देवाला नमस्कार करते. मला तर तो हारासकट आठवतो.
बाबा जगाशी खोटं बोलले असतील. पितरांशी बोलले नाहीत.

१५ सप्टें., सोम
आता ते लिहिते.
आत्या दर शनिवारी नाशिकरोडला भजनी मंडळात जाते, असं घरी सांगितलेलं. एकदा तिच्या पर्समध्ये खडीसाखर शोधताना मला तिकीट मिळालं. नांदगाव. मी विचारलं तर म्हणाली, "तिथे सात मुली शिकायला येतात, अनूबाई. स्टेशनच्या मागच्या खोलीत. आगगाडी गेली की पुढची ओळ." आणि ओठांवर बोट ठेवलं. शपथ घातली नाही. नुसतं बोट.
पुढच्या आठवड्यात बाबांनी सरळ विचारलं, "शनिवारी आत्या कुठे जाते?"
मी म्हटलं, नांदगावला.
खोटं बोलायचं नाही, हेही आत्यानेच शिकवलेलं. रविवारी आतल्या खोलीत आवाज चढले. सोमवारी शाळेतून आले तर तंबोरा भिंतीशी, गवसणी घातलेला. आत्या नव्हती. थोड्या दिवसांनी मला मामाकडे पाठवलं. परत आले तेव्हा ती गेलेली होती.
मी खरं बोलले. पंधरा वर्षं हे वाक्य मी स्वतःला ऐकवते आहे आणि ते प्रत्येक वेळी बेसूर लागतं.

१६ सप्टें., मंगळ
आई भाजीला, बाबा बँकेत. दार लावून बसले. ओळ झाली, मोकळी जागा आली, आणि मी म्हटलं. वर्षानुवर्षं गायले नाही, आवाज फाटका. "नगरिया" सरळ म्हटलं, न तोडता, कॉलेजच्या बाईंनी सांगितलं तसं.
तंबोरा वाजत राहिला. मग रेडिओतून, अगदी हळू, "पुन्हा."
माझं चुकलं की आत्या म्हणायची तोच शब्द, तशीच खाली उतरणारी "न्हा". आणि तीच ओळ परत.
मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून बारीक आवाज येत होता. हात लावायला धजले नाही.

१७ सप्टें., बुध
सकाळी लिहिते, डोकं ताळ्यावर असताना. ते ध्वनिमुद्रण आहे. ध्वनिमुद्रणाला ऐकू येत नाही. "पुन्हा" त्यात आधीपासून असणार. गेल्या आठवड्यात मी नीट ऐकलं नसेल, किंवा तेव्हा आगगाडी जात असेल. मी चुका करते, हे याच वहीत सिद्ध झालंय.

नंतर, चार वाजता. आज श्वास घेऊन म्हटलं. "नग", श्वास, "रिया". आपल्या घरचं.
"पुन्हा" आलं नाही. ती सरळ अंतऱ्यावर गेली.
सोलापूरकरांना लगेच लिहिलं, दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं आहेत का? उत्तर: "नाही ताई, एकच. रोज तेच लावतो. त्यात बोलणं कुठे आहे? मी तर पूर्ण ऐकलंय. काही बिघाड आहे का?"
नाही म्हणून कळवलं. हे खोटं झालं का ते कळत नाही.
गुरुजींच्या बोलण्यावरून ती आहे. या "पुन्हा"वरून मात्र... जी आहे तिला माझं ऐकू कसं येईल? आणि जी नाही, ती श्रावणात पोस्टात कशी जाईल?
रविवारी सर्वपित्री. त्यानंतर ते गाणं वर्षभर लागणार नाही.

१८ सप्टें., गुरु
जेवताना बाबांना म्हटलं, शनिवारी मी घरी नसेन.
"कुठे जातेस?"
तोच प्रश्न. तोच आवाज, थोडा म्हातारा झालेला.
"नांदगावला."
त्यांनी ताक प्यायलं. भांडं ठेवलं. "तिथे आपलं कोणी नाही."
"कधीपासून?"
उठले, हात धुतले. जाताना फोटोखाली थांबले, मग म्हणाले, "स्टेशनच्या मागे आता सगळी नवी दुकानं झालीत. खोल्या पाडल्या."
त्यांना स्टेशनच्या मागचं कसं माहीत, हे मी विचारलं नाही. आई म्हणते तसं, भात लावावा आणि गप्प राहावं. पण माझा तेवढा हात बसलेला नाही.

१९ सप्टें., शुक्र
तीनला ऐकलं. मागून म्हटलं. एकदाही "पुन्हा" नाही. शेवटी ती सा धरून थांबली आणि गाडी गेली. गाडी गेल्यावर नेहमी गाणं संपतं. आज तंबोरा आणखी एक आवर्तन वाजला. मोकळा.
काय करायचं ते ठरवलंय. सकाळच्या पॅसेंजरने देवळालीहून निघायचं. फोन बंद ठेवायचा. तीनच्या आधी स्टेशनच्या मागे जाऊन उभं राहायचं, दुकानं असोत की खोल्या. तीन दहाला रेडिओशिवाय ऐकू येतं का ते पाहायचं. आलं तर दार वाजवायचं आणि आधी सांगायचं, की मी सांगितलं होतं. मग काय ते.
नाही आलं तर पुढचं मला माहीत नाही. तंबोऱ्याची गवसणी धुवायला काढली होती, आईने न विचारता वाळत घातली.
आत्ता ती दारात येऊन गेली. "डबा किती वाजता लागेल?"
सहाला, म्हटलं.
"दोघींना पुरेल एवढं देते. उरलं तर परत आण, टाकू नकोस."
मी वही मिटणार होते, पण उद्याची तारीख राहिली. उगाच नंतर चुकीची आठवायला नको.
शनिवार, वीस सप्टेंबर.