गढूळ बाटलीची परीक्षा

कोल्हापूर,
रविवार

तीर्थस्वरूप तात्यासो दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा आकाराम याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या तो कागदावरच घालतोय.) इकडं सगळे सुखरूप. तुमचा खोकला, आक्काची शुगर आणि चंदगडचा पाऊस तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोनच करणार होतो, पण आक्का फोन स्पीकरवर टाकते आणि आपलं बोलणं काजूच्या कारखान्यापर्यंत ऐकू जातं. म्हणून हे पत्र.

विषय तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडं राहून नोकरी करणारी तुमची संयोगिता ज्याच्याशी लग्न करीन म्हणते, तो इंद्रजित एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात बियर बनवतो. हे कळल्यावर तुम्ही जेवण टाकलंत आणि मामा म्हणून पोराची परीक्षा मलाच घ्यायला सांगितलीत. पोरीनं मला एवढंच सांगितलंय, की बाबा नको म्हणाले तर मी त्यांचा शब्द मोडणार नाही, पण मग दुसरं स्थळही बघू नका. ती हट्टानं रडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली, त्यानंच माझं काळीज हललं. पोराचं घराणं, शेती, स्वभाव सगळं चांगलं निघालं. राहिली बियर. मी निरोप धाडला, की तुझ्या हातचा माल घेऊन ये. (माझ्याकडं परवाना आहे, काळजी नसावी.) काल सकाळी तो दोन बाटल्या घेऊन आला, पाया पडला, थंड करून प्या म्हणाला आणि संध्याकाळी निकाल ऐकायला येतो म्हणून कामावर गेला.

दुपारी मी पहिली बाटली पेल्यात ओतली. दाजी, गढूळ. पिवळीजर्द, आणि पेल्याच्या मागं धरलेलं माझं बोटसुद्धा दिसेना. आपण पडलो गुऱ्हाळवाली माणसं. उसाचा रस काहिलीत येतो तेव्हा गढूळच असतो, त्यात रानभेंडीचं पाणी सोडायचं, मळी वर आणायची, झाऱ्यानं काढायची आणि रस नितळ करायचा, यातच आपला जन्म गेला. ज्याला मळी काढता येत नाही त्याला आपण काहिलीजवळ उभं करत नाही, पोरगी कुठली द्यायला? पण भाचीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. म्हटलं, पोराचं राहिलेलं काम आपणच निस्तरावं आणि त्याला पास करावं.

म्हणून ती बियर मी पातेल्यात ओतून गॅसवर ठेवली आणि मंडईतली भेंडी ठेचून तिचं पाणी सोडलं. (शहरात रानभेंडी कुठून आणू?) एवढा फेस मी उभ्या जन्मात काहिलीवर बघितला नाही. पातेल्यातून शेगडीवर, शेगडीवरून कट्ट्यावर आणि कट्ट्यावरून हिच्या पिठाच्या डब्यात. मी आपला झाऱ्यानं मळी काढतोय. शेवटी तळाला वाटीभर नितळ पाणी उरलं, ते मी मोठ्या आशेनं प्यालो. चव सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. स्थळ नको, एवढं तुम्हाला कळवायला मी जड मनानं कागद काढला.

तेवढ्यात ही देवळातून आली. तिनं कट्टा बघितला, पिठाचा डबा बघितला, मग मला बघितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पांढऱ्या रश्श्याचा तळ दिसतोय व्हय कधी तुमास्नी? तवा वाटीवर वाटी वडताय की. दुसरी बाटली हाय न्हवं, ती तशीच पिऊन बघा."

दाजी, आता काय सांगू आणि कसं सांगू. आधी वास आला, पाडाला लागलेल्या आंब्याचा. मागोमाग सोललेल्या पपनसाचा. घोट घेतला तर जिभेवर सायीसारखा मऊ, आणि गिळल्यावर मेथीच्या भाजीत असतो तेवढाच, हवाहवासा कडूपणा. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. (का ते माहीत नाही. घरात मोठं माणूस आल्यावर उठतो, तसा उठलो.) पेला खिडकीशी धरला तर ऊन आतच अडकून बसलेलं. हिनं वास घेतला आणि यात आंबा पिळलाय यावर पैज लावायला तयार झाली. उरलेला पेलाभर मी झाकून ठेवला, एकट्यानं संपवायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी पोरगं आलं. संयोगिता दारात उभी, माझ्या तोंडाकडं बघत. मी पहिल्यांदा आंब्याचं विचारलं. आंबा नाही, पपनस नाही. मोड आणून वाळवलेले जव, थोडे ओट, यीस्ट, पाणी आणि कसलीशी वाळकी हिरवी फुलं. ती त्यानं पुडीतून आणली होती. तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरली, आणि तोच वास! मी थक्क झालो. भेंडीचा प्रकारही कबूल केला. तो हसला नाही, भेंडी किती घातली ते विचारून घेतलं. मग गढूळ का ठेवतोस म्हटल्यावर म्हणाला, "मामा, काढाय येतंय की. पर गाळ काढला की वासबी जातोय."

पांढऱ्याफेक गुळाला चव नसते, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या पोराला ते या वयात कळलंय. माझ्या मते पोरगं पास. बाकी शेवटचा शब्द तुमचा, मी मध्ये पडत नाही. खोकला सांभाळा, आक्काला नमस्कार.

तुमचा,
आकाराम

ता. क. : मध्ये पडत नाही असं वर लिहिलंय खरं, पण तो झाकलेला पेला संपवता संपवता मी पोराला तुमच्या वतीनं नारळ दिला आणि जावयाला बांधतात तसा फेटा बांधला. हिनं फोटो काढून आक्काला पाठवला. आक्कानं उलट टपाली पोराच्या सदऱ्याचं माप मागवलंय. तेव्हा तुमच्या घरात हे ठाऊक नसलेले तुम्ही एकटेच आहात.

आणखी ता. क. : हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. ज्यानं ते तुमच्या हातात दिलं आणि जो आत्ता ओली छत्री धरून तुमच्या पायरीवर उभा आहे, तोच इंद्रजित. तुम्ही आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणालाय. त्याच्या पिशवीत बाटली आहे. प्या, न प्या, पण त्याला आत घ्या, दाजी. आणि घरात भेंडी असेल तर आक्काला ती आधी लपवायला सांगा.