मुठीतले तांदूळ

सास्तूर, श्रावणातील शुक्रवार, सायंकाळ

मालिकेतील सून आज पुन्हा दवाखान्यात दाखल झाली. ‘उद्या ती शुद्धीवर येईल आणि सासू तिचे पाय धरील,’ असे मी नेहमीप्रमाणे आधीच सांगून टाकले. एकच कथा हे लोक किती वर्षे दाखवणार?

“गप बसा की वो मास्तर,” माझी बायको सुमन म्हणाली. “ती वाचती, हे मला बी ठाव हाय. म्हणून तर बघाय बसले.”

शेजारच्या घरी जिवतीची कहाणी ऐकून ती तशीच टीव्हीपुढे बसली होती. कहाणीसाठी हातात घेतलेले तांदूळ अजून मुठीतच होते. कहाणी संपताच ते देवीला वाहायचे असतात. दरवर्षी तीच कहाणी. हिला शेवट तोंडपाठ. मग वाहिले का नाहीत?

उद्या सोलापूरला तिच्या छातीतील गाठीचा अहवाल मिळणार आहे.

जाहिरात लागली. “आता आपलं उद्याचं सांगा की,” ती म्हणाली. “सगळं आधीच सांगता न्हाय का?”

आयुष्यभर मी न ऐकलेली गोष्ट मागत आलो. उद्या मात्र डॉक्टरांनी नवे काहीही सांगू नये. बाई बरी होते, घरी येते. तेच जुने, गुळगुळीत झालेले सांगावे. सांगतील ना?

मी हात पुढे केला. तिने निम्मे तांदूळ माझ्या तळहातावर ठेवले. घामाने ओलसर झाले होते. लिहिताना ते माझ्या डाव्या मुठीत आहेत. कहाणी संपेपर्यंत ते खाली ठेवायचे नसतात.