बिनआवाजाची चाचणी

जंक्शन, सेंट एलिझाबेथ, जमैका
४ फेब्रुवारी १९९६

चि. लासेल्स यास,
थोरल्या आयोनीताईचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

तुझं ख्रिसमसचं कार्ड पोचलं. सहीशिवाय आत काही नव्हतं. मागे काही लिहिलंय का म्हणून मी उलटूनही पाहिलं. इथे सगळे बरे आहेत. माझा गुडघा पावसाच्या आधी दुखतो आणि पाऊस येत नाही.

मर्टलला जाऊन वर्ष होत आलं. कबरीवरची माती बसली आहे, आता थडगं बांधायला हरकत नाही असं गवंडी म्हणतो. ईस्टरनंतरचा शनिवार धरलाय. त्या दिवशीच्या जेवणाचा बकरा आत्ताच आणून बांधलाय आणि तो माझी जास्वंद खातोय. गाण्यांचं काम तुझ्या दोस्ताकडे, मास क्लेवीकडे आहे, पण नाचाला गाणी वाजवायच्या त्याच्या डान्स-सेटचा ॲम्प्लिफायर जळालाय. तो म्हणतो, लासेल्सच्या तळघरात इंग्लंडभरचे ॲम्प पडलेत, त्यातला एक बगलेत मारून ये म्हणावं.

मला एवढंच सांग, तू येशील ना? बायकोच्या थडग्यावर पहिली थापी नवऱ्यानं मारावी असं माझ्या मनात आहे. फोनवर तू नुसतं ‘बघू’ म्हणालास. ‘बघू’ हे उत्तर आपल्या आईनंही कधी चालवून घेतलं नाही.

तुझी,
आयोनीताई


हडर्सफील्ड, इंग्लंड
२० फेब्रुवारी १९९६

ति. आयोनीताईस,
लासेल्सचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तब्येत ठीक. बस डेपोतलं काम चालू आहे. जेवतो. काय जेवतो ते विचारू नकोस, लक्षात राहत नाही.

मास क्लेवीला सांग, माझ्या तळघरात काहीही ‘पडलेलं’ नाही. सात व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आहेत, दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, मांडणीवर, प्रत्येकावर स्वतंत्र कापड. दोन सिनेमागृहांतले, एक नाट्यगृहातला आणि चार आपल्या लोकांच्या साउंड सिस्टिमचे. ट्रान्झिस्टर आले तेव्हा ज्यांनी हे भंगारात टाकले, तेच आता बघायला येतात. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पण सातही चालू आहेत. कपॅसिटर मेला तर मी जुन्याचं कवच फेकत नाही. आतलं काढून नवीन आत बसवतो, कवच पुन्हा वळवतो. वरून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळत नाही.

मागे लीड्सचा एकजण अमेरिकेतून आणलेला ॲम्प घेऊन आला. एकशे दहा व्होल्टचा. गृहस्थानं तो इथल्या दोनशे चाळीसमध्ये खुपसला आणि ट्रान्सफॉर्मरचा कोळसा केला. झाकणाखाली व्होल्ट ठरवणारी एवढीशी खुंटी असते. ती एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली की संपलं, पण आधी बघायला तर हवं. मी त्याला तोंडावर सांगितलं की अशा माणसानं चहाची किटलीसुद्धा लावू नये.

येण्याचं बघू.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा त्रास घेऊ नये.
लासेल्स


जंक्शन
९ मार्च १९९६

चि. लासेल्स यास,
ताईचे आशीर्वाद आणि थोडा राग.

तुझं पत्र मी मास क्लेवीला वाचून दाखवलं. ‘पडलेलं नाही’ याच्यावर तो खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, बरं बाबा, पडलेले नाहीत, निजलेत. वर म्हणाला, कापडं घालून अंथरुणात घातलेत म्हणजे निजलेतच की. तुम्हा दोघांची ही कटकट तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात तेव्हापासून ऐकतेय.

तू चार ओळी ॲम्पवर लिहितोस आणि स्वतःवर एक शब्द, तोही ‘ठीक’. मर्टल मला सविस्तर लिहायची. तू खाली एखादा ॲम्प दुरुस्त करून लावलास की वर स्वयंपाकघरात हुकांवरचे कप किणकिणायला लागायचे, आणि ती जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायची की लासेल्स, कमी कर, नाहीतर कपांच्या आधी मी खाली येईन. ती ओरडली म्हणजे ॲम्प पास, असं तू म्हणायचास म्हणे. हल्ली कोण ओरडतं? शेजारीण? कुठली तबकडी लावतोस? तेवढं तरी लिही.

आणि येण्याचं ‘बघू’ नको.

तुझी,
आयोनीताई


हडर्सफील्ड
२३ मार्च १९९६

ति. आयोनीताईस,
सा. न. वि. वि.

शेजारीण ओरडत नाही, कारण आवाज होत नाही. स्पीकरच्या जागी मी मोठे रेझिस्टर लावतो, तेलाच्या बादलीत बुडवून. ॲम्प पूर्ण ताकदीनं चालतो, मीटरचा काटा वर जातो, तेल तापतं. ऐकण्याची गरज पडत नाही. मीटर बरोबर तर आवाज बरोबर. ती गेल्यापासून मी असंच तपासतो. तबकडी लावलेली नाही. कप हुकांवर आहेत, वापरात एकच आहे.

मी येत नाही. सुट्टीचं कारण देता आलं असतं, पण तुला खोटं लिहीत नाही. येऊन काय करायचं ते मला कळत नाही. तिला तिकडे आणलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल. मी शवपेटीच्या झाकणाचा एक स्क्रू बघत होतो. त्याची खाच बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. तेवढंच मला त्या दिवसातलं आठवतं. पहिली थापी तूच मार.

माझ्याऐवजी ॲम्प पाठवतोय. मर्टल आणि मी पहिल्यांदा नाचलो त्या क्लबात वाजणाऱ्या साउंड सिस्टिमचा, सातांतला सगळ्यात चांगला. कार्गो विमानानं येईल. व्हॉल्व्ह काढून एकेक वेगळा गुंडाळलाय, वर जागेचा क्रमांक आहे. क्रम बदलायचा नाही. आधी स्पीकर जोडायचा, मगच वीज. तिकडचे प्लग चपट्या पायांचे असतात, म्हणून प्लगही बदलून दिलाय, म्हणजे मास क्लेवीला डोकं चालवायला नको. झाकण त्यानं उघडायचं नाही. आत त्याच्यासाठी काही नाही.

तो आपलं काम चोख करील. माझ्याबद्दल तसं सांगवत नाही.

लोभ आहे तसा असू द्यावा.
लासेल्स


जंक्शन
१५ एप्रिल १९९६

चि. लासेल्स यास,
ताईचे आशीर्वाद. बसून वाच.

परवाचं सगळं पार पडलं. थडगं सुबक झालंय. मास क्लेवीनं तुझा कागद समोर धरून व्हॉल्व्ह बसवले, इस्त्रीचा शर्ट घालून. पास्टरबाईंची प्रार्थना झाली, आणि त्यानं बटण दाबलं.

व्हॉल्व्ह पेटलेच नाहीत असं वाटलं. जवळ गेल्यावर दिसले, राखेखालच्या निखाऱ्यासारखे. तबकडी फिरत होती. गाणं येत होतं, पण कुणीतरी पलीकडच्या खोलीत गोधडीच्या आत गातंय असं. डान्सला लोक स्पीकरपासून लांब पळतात, पण परवा सगळे त्याला कान लावायला गोळा झाले. पास्टरबाई म्हणाल्या, शेवटच्या आजारात मिस मर्टल फोनवर अशीच बोलायची.

मास क्लेवीनं झाकण उघडलं. हो, तू नको म्हटलं असताना. खुंटी दोनशे चाळीसवर होती, लासेल्स. आमच्या एकशे दहात तो ॲम्प बिचारा काय गाणार? मला वाटलं, आता हा मरेपर्यंत पुरेल इतकं हसणार. पण त्यानं टोपी काढली. म्हणाला, आयोनी, प्लग बदलायची आठवण राहते आणि खुंटीची राहत नाही, ही नेहमीच्या लासेल्सची चूकच नव्हे. त्याला एकट्याला ठेवू नका. मग म्हणाला, एका मिनिटाचं काम आहे, बदलतो. मी त्याचं मनगट धरलं.

आम्ही तोंडानंच गायलो. बकरा छान शिजला होता.

खुंटी तशीच आहे. ज्यानं ठेवली त्यानंच येऊन बदलायची. थडगं कुठे जात नाही, पण हे तुझं धूड माझ्या पुढच्या खोलीत बसलंय आणि मला तिथे प्रार्थनामंडळाच्या बायका बसवायच्या असतात. रडायला ये असं मी म्हणत नाही. स्क्रू बघत बस हवं तर.

वाट बघणारी,
आयोनीताई


हडर्सफील्ड
२७ एप्रिल १९९६

ति. आयोनीताईस,
लासेल्सचा सा. न. वि. वि.

मे महिन्याच्या अकरा तारखेचं विमान आहे. खुंटीला कोणी हात लावू नये. मास क्लेवीला सांग, आपला बोथट स्क्रूड्रायव्हर लांब ठेव, मी माझा आणतोय.

तुझं पत्र वाचून मी तळघरात गेलो. उरलेल्या सहांची झाकणं उघडून खुंट्या पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या. मग नाट्यगृहातल्या ॲम्पचे रेझिस्टर सोडले, स्पीकर जोडला आणि तिची एक तबकडी लावली. आवाज वाढवत नेला. वर कप किणकिणायला लागले. मी जिन्याकडे बघत उभा राहिलो, गाणं अर्धं होईपर्यंत.

मग मीच कमी केला.

लोभ वाढवायचा झाला तर आता हरकत नाही.
लासेल्स