सव्वा मूठ गहू

नवागाम, सुरत
आषाढ, १९९७

प्रिय वर्षा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे बरे आहेत. आप्पांचा खोकला होता तिथेच आहे. योगराजला पर्वत पाटियाच्या साडी मार्केटात पार्सलं बांधायचं काम लागलंय आणि तुझा हा भाऊ आता झोपेतसुद्धा गुजराती बडबडतो. नवागामहून तुमचं सचिन गाव म्हणजे रिक्षा बदलत बदलत तासाभराची वाट, आणि तेवढ्या वाटेसाठी मी पोस्टाचं पाकीट आणून बसले आहे, याचं माझं मलाच हसू येतंय. पण तुझ्याकडे जायचं नाही की तुला लिहायचं नाही, ही तुझ्या लग्नानंतर आप्पांनी मला घातलेली शपथ तुला ठाऊक आहे, आणि ती मोडायची तर ज्याने घातली त्यानेच मोडायची, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून मी आले नाही. ते जाऊ दे. चहा टाक आणि निवांत बस. पत्र लांबणार आहे, कारण मला तुला अजबघराची गोष्ट सांगायची आहे.

अजबघर म्हणजे नदीकडच्या रस्त्यावरचं ते जुनं म्युझियम गं. त्याच्या फाटकासमोरून आपण किती वेळा गेलो असू, पण आत काही पाऊल टाकलं नाही. आपल्यासारख्यांनी तिथे जायचं असतं हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय लूमला सुटी असायची त्याच दिवशी त्यांच्या दाराला कुलूप. प्लेगच्या पुढच्या वर्षी तिथे दक्षाबेन नावाच्या नव्या बाई आल्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, आणि सारखं काहीतरी हरवल्यासारख्या पर्स धुंडाळणाऱ्या. म्युझियमला येणाऱ्या शाळांच्या सहली वगैरे त्या बघतात. त्यांनी काय केलं असेल, तर वरच्या साहेबांच्या मागे लागून लागून सुटीचा वार बदलून घेतला. आणि मग एका दुपारी टेम्पो घेऊन थेट आपल्या गल्लीत हजर. टेम्पोत जुन्या जरीचे पदर, बंदरातल्या गलबतांची लाकडी खेळणी, पितळेचे दिवे. रात्रपाळीवरून येऊन झोपलेली माणसं उठून बघायला आली. दक्षाबेन हातात एकेक वस्तू देत होत्या. पोरांच्या हातातसुद्धा. मालतीबाईंनी पदराला हात पुसून जरीचा तुकडा घेतला आणि उलटा करून बघितला, तर दक्षाबेन केवढ्या खूश झाल्या. निघताना म्हणाल्या, आता तुम्ही या, आ तमारूं ज घर छे. हे तुमचंच घर आहे.

हे वाक्य लक्षात ठेव. पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

आपल्या समोरच्या खोलीतल्या मालतीबाई तुला आठवतातच. आता थोडं कमी ऐकू येतं, पण कुणी आपलं म्हटलं की ते बरोबर ऐकू येतं. त्यांनी त्या शब्दावर गल्लीतल्या आम्हा सगळ्या बायकांना गोळा करून नेलं. दारात सगळ्यांनी चपला काढल्या. पहारेकरी गोंधळला, पण दक्षाबेननी स्वतःच्या चपला आमच्या शेजारी काढून ठेवल्या आणि अनवाणी आत आल्या. आत एक भुसा भरलेला वाघ आहे. देवीचं वाहन म्हणून मालतीबाईंनी त्याला हात जोडले, मग मागच्या सगळ्यांनी जोडले. मला हसू आवरेना. पण तिथलं कुणी हसलं नाही गं. मला त्या जागेबद्दल आदर वाटला तो त्या क्षणापासून. एवढ्या वर्षांत या शहरात आपण कापड विणलं, घरं बांधली, भाज्या विकल्या, पण आपल्याला कुणी काही दाखवावं म्हणून उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मग दक्षाबेन म्हणाल्या, इथे सुरतेचं सगळं आहे, पण तुम्ही सुरतेत आहात आणि तुमचं काहीच नाही. तुमचं काय ठेवूया? कुणी म्हणालं नऊवारी, कुणी म्हणालं कळण्याच्या भाकरीचा तवा. मालतीबाई म्हणाल्या, कानबाई. झालं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तू तर जाणतेसच, आपल्या घराण्याची देवी कानबाई, ती श्रावणात बसते गावी थोरल्या काकांकडे. तुझ्या लग्नानंतर आप्पा तोंड दाखवायला नको म्हणून गावी जायचे थांबले आणि आपल्या घरातून श्रावणच गेल्यासारखा झाला. गल्लीत अशी घरं पुष्कळ. देवी गावी, माणसं इथे.

दक्षाबेननी लगेच सुताराकडून काचेची पेटी करून घेतली, आत दिवा लावायची सोयसुद्धा केली. चौरंगावर नथ घातलेला नारळ मांडायचा आणि पेटी बंद करायची, असा बेत. आम्हाला हौसेने दाखवायला बोलावलं. मालतीबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, "देवी काय कपाटमा ठेवानी चीज शे का?" मी त्यांचं म्हणणं दक्षाबेनना नीट समजावलं. कानबाई श्रावणातल्या रविवारी येते, रात्रभर गाणी ऐकते, सकाळी नदीवर जाते. तिला कोंडून कसं ठेवणार? मला वाटलं बाई रागावतील, निदान तोंड तरी पाडतील. एवढी शिसवी पेटी. त्या थोडा वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग सुताराला हाक मारून म्हणाल्या, काच काढी नाखो. आणि तिथल्या तिथे काच निघाली. आता वर्षभर तिथे नुसता रिकामा चौरंग असतो आणि शेजारी गुजराती, हिंदी, मराठीत पाटी: देवी घरी गेली आहे, श्रावणात पुन्हा येईल. शाळेची पोरं सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबतात म्हणे. वाघापेक्षाही. आणि रविवारी त्या चौरंगाशेजारी एक खुर्ची असते, तिच्यावर तुझी आई बसते. लोक विचारतात, मी सांगते. कुणी पाटीला टेकून उभा राहिला तर त्याला ओरडायचा अधिकारही मला आहे आणि तो मी भरपूर वापरते. एकदा एक सुरती म्हातारे तासभर ऐकत बसले आणि जाताना म्हणाले, तीस वर्षं तुमच्या माणसांबरोबर काम केलं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कधी? दोघंही हसलो.

तर पहिली कानबाई गेल्या श्रावणात बसली. नवा नारळ, कुठल्याच घराचा नाही. आणि तिथेच घोडं अडलं ते नैवेद्याच्या रोटांवर. आपल्यात रोटाचे गहू कसे घेतात तुला माहीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्याच गव्हाचे रोट, आणि ते भाऊबंदांनीच खायचे, परक्याला घाससुद्धा नाही. लेक सासरी गेली की तीही परकीच. तू पाचसहा वर्षांची असशील, गावी काकांच्या ओसरीवर सूप मांडलं होतं आणि तू मध्ये घुसून गव्हात हात खुपसलास. माझी मूठ कुठाय म्हणून भोकाड पसरलंस. सगळे हसले. आप्पांनी तुला उचललं, तुझी ती एवढीशी मूठ गव्हाने भरली, पण सुपात टाकू दिली नाही. म्हणाले, तुझी मूठ तुझ्या सासरी पडेल बेटा. ते गहू तू फ्रॉकच्या खिशात ठेवलेस आणि मी ते धुताना काढले. मग तू आपल्या मनाने महेशरावांशी लग्न केलंस. त्यांच्याकडे विदर्भात कानबाई नाही. म्हणजे माहेरी मूठ नाही आणि सासरी सूपच नाही. दर श्रावणात माझ्या मनात हे येऊन जायचं, पण बोलायची सोय नव्हती.

आता अजबघरात कुणाच्या नावाने मुठी घ्यायच्या? तिथले भाऊबंद कोण? चांगला वाद झाला. एकीचं म्हणणं, आपल्या घरच्या पुरुषांची नावं घ्या. दुसरीचं म्हणणं, मग पहारेकऱ्याने आणि सुताराने काय नुसतं बघत बसायचं? दक्षाबेन वही मिटून ऐकत राहिल्या. शेवटी मालतीबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही म्हणाला होतात ना, हे आमचंच घर? दक्षाबेन म्हणाल्या, हो, म्हटलं होतं. आणि आता मागे घेत नाही. मालतीबाईंनी तिथेच निकाल लावला, "घर आमनं शे ना? मंग ज्याना हात, त्यानं नाव." म्हणजे जो कोणी या घरात आलाय त्याने आपल्या हाताने गहू टाकायचे, आणि ज्याला आपलं मानतो त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. बाई असो, पुरुष असो. एखाद्याने असं बोलायला काही लागत नाही, बोललेलं पाळायला लागतं. दक्षाबेननी पाळलं. आगीची भीती म्हणून साहेब चुली पेटवू देत नव्हते, तर मागच्या अंगणात पाण्याच्या बादल्या भरून स्वतः राखण करत बसल्या. अशी माणसं बघितली की मला फार बरं वाटतं, वर्षा.

आप्पा यायला तयार नव्हतेच. अजबघरात देवी, डोकं फिरलंय तुमचं, म्हणाले. मी म्हटलं, केळीचे खांब बांधायला माणूस नाही, तेवढे बांधा आणि परत फिरा. तेवढ्यावर आले. खांब बांधून झाले आणि सूप मांडलं गेलं. लोक रांगेने येत होते, मूठ टाकत होते. मी योगराजचं नाव घेतलं. दक्षाबेननी त्यांच्या वारलेल्या आईचं नाव घेतलं. पहारेकऱ्याने आपल्या दोन मुलींची नावं घेतली आणि लाजला. आप्पांनी स्वतःचं नाव घेतलं, बाजूला झाले. मला वाटलं निघाले. तर ते रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले. पुन्हा सुपापाशी आले, मूठ भरली, ओठ हलले, पण आवाज काही निघेना. मालतीबाई सुपाशी बसलेल्या. म्हणाल्या, "मोठ्यानी बोल ना रे भाऊ, ऐकू नही उनं." मग ते म्हणाले, वर्षा. इतक्या जोरात, की अंगणातली कबुतरं उडाली. लग्नानंतर तुझं नाव मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी पदर तोंडात धरला आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला असं सगळ्यांना सांगितलं. चूल अजून पेटायची होती.

आपल्यात नावाचा रोट ज्याच्या त्याने खायचा असतो. तुझा रोट त्यांनी रुमालात बांधला आणि कुणाला न सांगता निघाले. उधन्याच्या स्टँडपर्यंत जाऊन परत आले. सचिनची रिक्षा समोर उभी होती म्हणे, पाय उचलला नाही. दारात बसून तो रोट त्यांनी एकट्यानेच खाल्ला.

आता हे पत्र का लिहिते आहे ते ऐक. श्रावण जवळ आला. काल दक्षाबेन मांडवाचं विचारायला येऊन गेल्या. त्या गेल्यावर आप्पा अंथरुणावर कुशीवर वळून म्हणाले, "पोरीले लिख. तिनी मूठ आवंदा तिले टाकू दे." शपथ ज्याने घातली त्याने मोडली. तेव्हा नागपंचमीनंतरच्या शनिवारी दुपारी, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी गहू घेतात तेव्हा, अजबघरात ये. घरी नाही, तिथे ये. घरी आप्पांना जड जाईल, आणि तुलाही. पण तिथे तर सगळेच घरचे. महेशरावांना सांग, चौरंग नदीवर न्यायला दणकट माणसं कमी पडतात, त्यांनी यायलाच हवं. आणि आपल्या गल्लीतून सचिनला कामाला जाणाऱ्या लोटूने आम्हाला सांगितलं की तुला मुलगी झाली. नाव काय ठेवलं हे विचारायचं त्या गाढवाला सुचलं नाही, म्हणून आम्ही दोघं अजून तिला नुसतं 'ती' म्हणतो. तिला आण. तिची मूठ तुझ्या हाताने भर, सुपात टाक, आणि तिचं नाव अगदी मोठ्याने घे. मालतीबाईंना कमी ऐकू येतं, आणि आप्पा त्यांच्या शेजारीच उभे असतील.

वाट बघणारी,
तुझीच आई