वाळवंटातली हुडहुडी

आई, आज सिंगापुरात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बसून तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी ऐकून तू आधी मान हलवली असतीस आणि मग विचारलं असतंस, 'जेवलास का?'

मारवाडातल्या त्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनावर बाबांची नोकरी आणि तुझा एका खोलीचा दवाखाना. पेशंट आला की थर्मामीटर नंतर, आधी तू त्याला बोलतं करायचीस. 'ताप हाताला कळतो, पण आजार कानाला कळतो,' म्हणायचीस. मी कोपऱ्यात गृहपाठ करत ऐकायचो. पुढे पंपांच्या धंद्यात पडलो. समोरचा 'लास्ट प्राइस' म्हणाला की त्याच्या आवाजावरूनच मला कळतं, अजून दोन टक्के सुटतील. शिक्षण बेताचं, बाकी सगळं या कानांवर कमावलंय. ते तुझेच.

गेल्या पावसाळ्यानंतर कॉलिंग कार्ड घासून मारवाडातल्या माझ्या वर्गमित्राला फोन लावला. स्वारी खुशीत! हल्ली तिथे उन्हाळा आणखी भाजून काढतो आणि पाऊस आला तर एकदम कोसळतो, म्हणाला. गावाबाहेरचा खोलगट भाग महिनाभर भरलेला आहे, बायका नारळ वाहतात. मग सहज म्हणतो, "तेरी भाभी को लू लगी है. कांद्याचा रस चोळतोय." तिथे कुठलाही ताप म्हणजे लू, ऊन लागलं, तुला माहीत आहे. मी म्हटलं, फोन तिच्याकडे दे. "राम राम, भैया," ती म्हणाली, आणि त्या तीन शब्दांत तिचे दात वाजताना मला ऐकू आले. मग तिनं नवऱ्याकडे आणखी एक रजाई मागितलेली ऐकू आली. आई, ऊन लागलेलं माणूस रजाई मागतं का? हा हिवताप. तुझ्या वेळी तिथे डास शोधावा लागायचा.

"आजच शहरात ने, रक्त तपास."

"सिंगापुर जाके डॉक्टर बन गया क्या?"

"नर्स चाची का बेटा हूँ. जीप निकाल, गधे!"

तुझं नाव काढल्यावर त्यानं वाद घातला नाही. चार दिवस मी फोनजवळून हललो नाही. मग त्याचा आवाज आला, आणि 'हॅलो'वरूनच कळलं की ती वाचली. मेंदूपर्यंत जाणारा हिवताप होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी ठेवली असती तर अवघड होतं. गावात घरोघरी तेच निघालं. औषधवाले डासांच्या अळ्या मारायला त्या साचलेल्या पाण्यावर तेल टाकायला आले, तर म्हाताऱ्या काठावर बसून राहिल्या. पाण्याला कोण मारतं, म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. भांडी विसळलेलं पाणी वाळूत ओतलं म्हणून तू मला दिलेली थप्पड अजून गालावर आहे. माझ्या बाल्कनीतही पाण्याची एक बादली कायम भरलेली असते. मुलगा इथल्या ढंगात ओरडतो, "पप्पा, थ्रो इट लाह! डास होतात, इन्स्पेक्टर फाइन मारेल." त्याचं बरोबर आहे. तिकडे जीप काढायला लावणारा मी इकडे डास पाळतोय.

हे पत्र तुझ्या जुन्या कात्रीखाली, खणात राहील. तुला एवढंच कबूल करतो: बादली आता दर रविवारी रिकामी होते, पण ओततो मुलगा. मी तेवढा वेळ आत जाऊन उभा राहतो, तरी पाणी पडल्याचं ऐकू येतंच.